वरच्या पाइपचं काळं सूत

"आई, ब्रेक लागत नाही!" विनायक ओरडला.

गाडी राजघाटच्या पुलावरून पलीकडे उतरत होती. माझा मुलगा दोन्ही पाय ब्रेकवर देऊन जवळजवळ उभा राहिला होता आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. समोर बायकांनी भरलेली टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा होती. एकीच्या मांडीवर लाल टोपी घातलेलं मूल होतं. विनायकच्या शेजारी दिगू मिस्त्री बसला होता. त्याने उजव्या हाताने हँडब्रेक खेचला, मग त्याच हाताने स्टेअरिंग आपल्याकडे ओढलं. डाव्या बाजूला विटांची ट्रॉली उभी होती. गाडी दिगूच्या बाजूने तिच्यावर गेली.

मोठा आवाज झाला आणि सगळं थांबलं. माझी नात रेवा रडायला लागली, तेव्हा ती जिवंत आहे हे मला कळलं. दिगूचा डावा हात चेपलेल्या दारात अडकला होता. त्याने हाताकडे पाहिलंही नाही. मान वळवून मला म्हणाला, "काकू, माझा पाठ चुकला."

त्याचा पाठ चुकला नव्हता. चूक माझी होती. हे मला तिथेच, रस्त्यावर उतरल्या उतरल्या कळलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

काशीत ब्रह्माघाटाच्या आमच्या गल्लीत मला फाटक्या तोंडाची म्हणतात, ते काही खोटं नाही. कुणाच्या पुरणात गुठळ्या झाल्या, कुणाचा जावई पितो, हे मी ज्याचं त्याला तोंडावर सांगते. चौथीपर्यंत शिकले, गोड बोलायचं कुणी शिकवलं नाही. पण ही एक गोष्ट मी दिगूला शेवटपर्यंत सांगितली नाही.

दिगू म्हणजे दिगंबर. आमच्याच गल्लीतला, वैदिकांच्या घरातला. बाप मोठा वेदपाठी होता. दिगू मात्र डावखुरा निघाला. पळी डाव्या हातात, अक्षता डाव्या हातात. बापाने त्याचा डावा हात उपरण्याने पाठीशी बांधून ठेवला, दोन वर्षं तसंच चाललं. सोडला की परत डावाच पुढे. शेवटी बाप म्हणाला, याच्या हातचं देवाला चालणार नाही. पोराने बापाशी वाद घातला नाही. राजघाटाकडे एका सरदारजींच्या मोटार गॅरेजमध्ये जाऊन बसला. पुढे तिथेच रस्त्यालगत त्याने स्वतःची पत्र्याची शेड टाकली. "देवाला डावा हात चालत नाही, काकू. नटाला चालतो," असं तो म्हणायचा.

लग्न केलं नाही. मदतीला माणूस ठेवला नाही. अंगात निळा सदरा, आत जानवं. गाडीखाली शिरायच्या आधी तो जानवं उजव्या कानाला अडकवायचा, जसं शौचाला जाताना अडकवतात तसं. गिऱ्हाइकं हसायची.

"मिस्त्रीजी, ये क्या?"

"नीचे जा रहा हूँ भैया. ऊपरवाला न देखे, नीचे क्या-क्या टपकता है."

माझी त्याची खरी ओळख एका श्राद्धाच्या पंगतीत झाली. तो येऊन बसला आणि डिझेलचा वास सगळ्या ओळीला लागला. मी वाढत होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दिगू, अंघोळ करून आलास की इंजिनात बुडी मारून?"

दुसरा कुणी उठून गेला असता. दिगू आपलं पान उचलून ओळीच्या टोकाला दाराशी जाऊन बसला आणि तिथून म्हणाला, "काकू, तूप परवडत नाही, म्हणून डिझेल लावतो. पण तुम्ही वाढा, दोन्ही चालतं." मग मला त्याला दुप्पट तूप वाढावं लागलं. लोक अजून ती गोष्ट सांगतात. माझ्या बोलण्याचा राग न येणारी माणसं थोडी. तो त्यातला होता, आणि मी त्याचा फायदा घेत राहिले.

माझे यजमान गेल्यावर विनायकने एक जुनी सात सीटची डिझेल गाडी घेतली. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना सारनाथ, प्रयाग, गया करवायचं, हा त्याचा धंदा. गाडी टर्बोची होती. म्हणजे काय, ते मला दिगूनेच पुढे सांगितलं. तोवर मला एवढंच दिसत होतं की चढ आला की ती धापा टाकते आणि मागे काळा धूर सोडते. चार मिस्त्री झाले. प्रत्येकाने काहीतरी कापलं, काहीतरी जोडलं. शेवटी विनायकने ती दिगूकडे नेली. तपासायला मी बरोबर गेले.

दिगूने बोनेट उघडलं आणि मला विचारलं, "काकू, हे काय दिसतंय?"

"इंजिन. मला आंधळी समजतोस?"

"इंजिन खाली आहे. वर दिसतंय ती शेवयांची खीर आहे."

खरंच तसं होतं. काळे रबरी पाइप एकमेकांत गुंतलेले, कुठे चिकटपट्टी, कुठे सुतळी. दिगूने समजावून सांगितलं. इंजिनावर एक पंप असतो, तो हवा ओढून घेतो. त्या ओढीला हे लोक व्हॅक्यूम म्हणतात. त्या ओढीवर तीन कामं चालतात. एक, ब्रेकला जोर मिळतो, त्यामुळे पाय हलका ठेवला तरी गाडी थांबते. दोन, टर्बोने इंजिनात हवा किती फुंकायची ते ठरतं. तीन, जळका धूर थोडासा परत इंजिनात घेणारा एक व्हॉल्व उघडतो, म्हणजे बाहेर विष कमी जातं.

"कामं तीन आणि पाइपचे तुकडे सतरा," दिगू म्हणाला. "जितके जोड तितकी गळती. हे सगळं सोपं करायला पाहिजे."

"मग ओढून टाक."

"असं नाही, काकू. जे काढायचं ते तिथे का होतं, ते आधी सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर हात लावायचा नाही."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. जुनं धोतर जमिनीवर पसरून त्याने सतरा तुकडे निघाले त्या क्रमाने मांडले. प्रत्येकाला हातात घेऊन त्याचं काम मोठ्याने सांगितलं. पाच तुकड्यांचं काम त्याला दुपारपर्यंत सापडेना. तो जेवला नाही. ते पाचही कुठल्यातरी मिस्त्रीने उगाच लावलेले निघाले, तेव्हा उठून त्याने हात धुतले. काढलेले तुकडे बिस्किटांच्या डब्यात घालून विनायकला दिले. "तुझी वस्तू आहे. मी काढली म्हणून माझी होत नाही."

त्या पसाऱ्याच्या जागी त्याने पंपापासून एकच पाइप एका लहान बंद डब्याला नेला आणि डब्यातून तीन पाइप काढले. ब्रेकचा सर्वात वर, मग टर्बोचा, खाली धुराच्या व्हॉल्वचा. बाजारात एकाच जाडीचा पाइप मिळाला होता, त्यामुळे तिन्ही सारखे दिसत. म्हणून त्याने खुणेला सूत बांधलं. ब्रेकला आईच्या फाटक्या सोवळ्याचं लाल रेशीम, टर्बोला जानव्याचं पांढरं, धुराला काळा करदोडा. "ब्रेकचा पाइप सोवळ्यातला," तो म्हणाला. "त्याला मीसुद्धा उगाच शिवत नाही."

मग त्याने पाठ म्हटला. आमच्या ब्रह्माघाटावर वेद शिकणारी मुलं दोन-दोन शब्द सरळ म्हणतात, मग उलट, मग परत सरळ. मधलं एक अक्षरही हलू नये म्हणून ही तऱ्हा. देवाच्या कामातून काढलेल्या दिगूने ती पाइपांना लावली होती. बोट डब्यावर ठेवून म्हणायचा, "डबा-ब्रेक." बोट पाइपावरून सरकवत ब्रेकपर्यंत न्यायचं. "ब्रेक-डबा," तसंच परत आणायचं. "डबा-ब्रेक." मग पुढचा. सरळ जाताना माणूस गृहीत धरतो, उलट येताना पकडला जातो, असं तो म्हणे. तिन्ही पाइप झाल्याशिवाय बोनेट बंद होत नसे.

जाताना मला म्हणाला, "काकू, ही सुतं देवाची नाहीत हं. कामाची आहेत. हलवू नका."

"मला काय करायचंय तुझ्या सुताशी?" मी म्हटलं.

गाडी अशी पळू लागली की विनायक आल्यागेल्याला बोनेट उघडून दाखवायचा. ते ऐकून एका हॉटेलवाल्याचा मुलगा नवी टर्बो गाडी घेऊन दिगूकडे आला. मी तिथेच होते. तो म्हणाला, "मिस्त्रीजी, धुएँवाला सब कचरा निकाल दो. गाड़ी उड़नी चाहिए."

"कचरा?" दिगू म्हणाला. "किस काम का है, बताओ."

"किसी काम का नहीं. बस धुआँ रोकता है."

"तो काम बताया ना तुमने. धुआँ रोकता है."

मुलगा चिडला. "आपकी नाक में थोड़े ही जाएगा."

"मेरी नाक तो गई, भैया. पीछे जो रिक्शावाला रहेगा, उसकी अभी बाकी है."

मुलगा निघून गेला. मी दिगूला म्हटलं, "मूर्ख आहेस, आलेलं गिऱ्हाईक घालवलंस." तो म्हणाला, "सोपं करणं वेगळं, काकू, आणि उघडं करणं वेगळं." मला तेव्हा ते मोठं बोलणं वाटलं. आता वाटत नाही.

आता माझी गोष्ट.

इथले लोक विश्वकर्म्याला गाड्या पुजतात. आमच्याकडे खंडेनवमीला. त्या वर्षी रेवाला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, तिला पोचवायला विनायक जाणार होता, म्हणून मी गाडीची पूजा जरा जास्तच मनापासून केली. बोनेट उघडून इंजिन पुसलं. तिन्ही सुतं तेलाने काळीमिट्ट झाली होती. लाल कुठलं आणि काळं कुठलं ते दिसत नव्हतं. घाणेरडं सूत पूजेला ठेवायचं? मी तिन्ही सोडवली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, उन्हात वाळवली. रंग परत उठून दिसले. मग परत बांधली.

कुठलं कुठे होतं ते आठवलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. मी आठवायचा प्रयत्नच केला नाही. काळं सूत दृष्टीसाठी असतं. बोनेट उघडल्यावर लोकांची नजर पहिली पडते ती वरच्या पाइपवर. म्हणून काळं मी वर बांधलं. लाल रेशीम खाली आडोशाला बांधलं, चांगली वस्तू आहे, मळू नये म्हणून. दिगूने बजावलं होतं ते माझ्या डोक्यात आलं होतं. मी मनात म्हटलं, सूत ते सूत. पुरुषांना धुण्यातलं काय कळतं.

विनायकलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

निघायच्या सकाळी गाडी परत धापा टाकू लागली. मुगलसरायहून आगगाडी पकडायची होती. वाटेतच दिगूची शेड, म्हणून थांबलो. त्याने इंजिन चालू ठेवून कान लावला, धुराच्या व्हॉल्ववर हात ठेवला. म्हणाला, "आतला पडदा फाटलाय. ओढ तिथून वाया जातेय. नवा पडदा दुपारी मिळेल."

"दुपारी पोरगी पुण्याच्या वाटेवर पाहिजे," मी म्हटलं.

"मग तेवढ्यापुरता त्याचा पाइप काढून डब्याचं तोंड बंद करतो. धूर जास्त जाईल. मी एरवी असं करत नाही."

"आज कर."

त्याने केलं. जानवं कानाला लावलं नाही, खाली जायचं नव्हतं. वाकून त्याने काळं सूत शोधलं. क्षणभर थांबला. "वर कसं?" असं काहीतरी पुटपुटला. मग हसून म्हणाला, "म्हातारा झालो." आपण बांधलेल्या सुतावर त्याने विश्वास ठेवला. तो पाइप उपसला, डब्याच्या तोंडात बोल्ट घातला, पट्टी आवळली. आणि सवयीने डावं बोट डब्यावर ठेवून सुरू केलं, "डबा-ब्रेक..."

मी गाडीतून ओरडले, "दिगू, पाठ गाडीत बसून म्हण! पोरीची गाडी चुकेल."

"काकू, एवढं उलटं होऊ द्या."

"सरळ झालं ना? बस झालं."

तोंडाने सरळ म्हणून झालं होतं, पण त्याचं बोट अजून पाइपच्या मध्यावर होतं. अजून एक वीत पुढे गेलं असतं तर ते ब्रेकला न जाता धुराच्या व्हॉल्वला जाऊन भिडलं असतं आणि तो तिथेच थबकला असता. त्याने बोट उचललं. बोनेट लावलं. म्हणाला, "चला, मीपण येतो स्टेशनपर्यंत. जाता जाता इंजिन ऐकतो."

ब्रेकमध्ये थोडी ओढ शिल्लक राहते म्हणे. त्यामुळे पुलावर चढताना पहिला ब्रेक लागला, दुसराही लागला. पुलावर दिगू म्हणाला, "ओढ अजून कमीच आहे. असं व्हायला नको. विनायक, उतरलास की बाजूला घे, मी परत बघतो."

उतरतानाच तिसरा ब्रेक आला. पुढचं सांगितलंच आहे.

धडकेने बोनेट उघडून वर आलं होतं. मी उतरले तेव्हा समोर दिसला तो वरच्या तोंडात घातलेला बोल्ट, आणि शेजारी लोंबणारा पाइप. त्याला माझ्या हातची गाठ. धुतलेलं, स्वच्छ काळं सूत. गर्दी जमायच्या आत मी ते ओढून तोडलं आणि कमरेला खोचलं. मुलगा रक्ताळलेला, नात कण्हतेय, दिगूचा हात दारात, आणि मी पहिलं काम हे केलं.

दिगूच्या डाव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. विनायकचे दात गेले, रेवाच्या खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. पोलीस आले तेव्हा दिगू खाटेवरून म्हणाला, "गलती मेरी है साहब, ग़लत पाइप बंद किया." कुणी आणखी विचारलंच नाही. त्याने शेड बंद केली. उजव्या हाताने पाना धरता येतो, पण तो म्हणे, ज्याचा पाठ चुकतो त्याने गाडीला हात लावू नये.

एका हळदीकुंकवाला आम्ही बायका बसलो होतो. त्याची चुलती म्हणाली, "डावा हात शेवटी डावाच. भावजी काय उगाच सांगत होते?" सगळ्या हळहळल्या. मी तिथेच होते. माझ्या ओटीत गहू होते, तोंडात तिळगूळ होता. मी चावत राहिले.

त्यानंतर आठ दिवसांनी मी ठरवून त्याच्या घरी गेले. सकाळचं ऊन होतं. तो गच्चीवर बसला होता, दाराकडे पाठ. समोर धोतर पसरलेलं, त्यावर जुना डबा आणि तीन पाइप. उजव्या हाताचं बोट लावून पाठ चालला होता. "डबा-ब्रेक, ब्रेक-डबा, डबा-ब्रेक. डबा-टर्बो, टर्बो-डबा..." तिसऱ्याशी आला की थांबायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. मी दारात किती वेळ उभी होते, कोण जाणे.

त्याने मला पाहिलं. "या काकू. तुम्ही हुशार आहात, तुम्हीच सांगा. काळं सूत धुराचं. मीच बांधलेलं. मग वरचा पाइप माझ्या हाताने कसा काढला गेला? पाठ तर आत्ताही बिनचूक येतोय. मग चुकलं कुठे?"

काळं सूत माझ्या कमरेला होतं, दाखवायला नेलं होतं. मी म्हटलं, "मागे लोणचं दिलं होतं, त्याची बरणी न्यायला आले."

तो लगेच उठला. खाली जाऊन बरणी घेऊन आला. धुऊन लख्ख केली होती. तोंडावर फडकं घातलं आणि उजव्या हाताने आणि दातांनी त्यावर सुतळी आवळली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू द्या, जमतं आता." गाठ पक्की होती. मी जिना उतरले. वरून परत ऐकू आलं, "डबा-ब्रेक, ब्रेक-डबा." तेच शेवटचं. उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि पंधरवड्यात गेला.

आमच्या मंडळाच्या अंकासाठी विनायकने त्याच्यावर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: दिगूभाऊंच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली.

"ते वाक्य खोड," मी म्हटलं.

"का? खरंच आहे ना?"

"खोड म्हणते ना."

"आई, तूच म्हणतेस, खरं असेल ते तोंडावर सांगावं."

म्हणून मी हे लिहिलं. विनायकला आणि रेवाला हे वाचूनच कळेल. काळं सूत मी वर बांधलं. उलटा पाठ मी थांबवला. त्या गाडीत चौघं होतो, विनायक, रेवा, दिगू आणि मी. दिगूने धडक आपल्या बाजूला घेतली, म्हणून त्या दिवशी चौघंही जिवंत बाहेर आलो.